दुखवट्याचा निळा

सिओक नियो सुंदर होती हे मी कधी नाकारलं नाही. लग्न होऊन ती आमच्या गल्लीत आली तेव्हा तिच्या अंगावर गुलाबी केबाया होता, म्हणजे भरतकामाचं तलम, लांब बाह्यांचं पोलकं, आणि दारादारांतून डोकावणाऱ्या बायकांपैकी अर्ध्याजणींनी त्या दिवशी घरात जाऊन आपापले गुलाबी केबाये पेटीच्या तळाशी टाकले. मी टाकला नाही, कारण माझ्याकडे नव्हताच. आईनं मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की तुझ्या रंगाला तपकिरी बरा, त्यात तू निदान स्वच्छ तरी दिसतेस. तेव्हा मी रडले होते. पण पुढं कळलं की आईनं माझे कितीतरी हाल वाचवले.

सिओकची गोष्ट उलटी. तिला सगळं शोभायचं, आणि ज्या बाईला तरुणपणी सगळं शोभतं तिला म्हातारपणी काहीच कळत नाही. आमच्या मलाक्कात रंगाला वय असतं. चाळिशी आली की गुलाबी सुटतो. पन्नाशीला लाल सुटतो, तो फक्त लग्नाकार्यापुरता उरतो. साठीला तपकिरी आणि वांग्याचा. नुसता निळा-पांढरा मात्र कुठल्याच वयाचा नाही, तो मेलेल्यांचा. हे कोणी कोणाला शिकवत नाही. एखाद्या दिवशी मुलीला म्हणायचं, हा घे, मला आता दंडात दाटतो, आणि देऊन टाकायचा. दाटत वगैरे काही नसतो. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

सिओकला द्यायला मुलगी नव्हती. मुलगाही नव्हता. त्यामुळं पन्नाशी उलटली तरी ती गुलाबी, नारिंगी आणि पोपटी घालून फिरत होती. तोवर तिचा चेहरा जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा पिवळट झाला होता. त्या गुलाबीच्या वर तो आणखी पिवळा दिसायचा, डोळ्यांखालचं काळं आणखी काळं, आणि विड्यानं रंगलेले दात तर विचारूच नका. मासळीवाला तिला पाठीमागून पाहून "या ताई" म्हणायचा आणि तोंड वळल्यावर "काय देऊ, आजी" म्हणायचा.

दुपारी आम्ही चौघीजणी माझ्या ओसरीवर चेर्कीचे पत्ते खेळायचो. मी, सिओक, जाडी गेक, आणि जी कोणी चौथी मिळेल ती. सिओकची पाठ वळली की गेक गाल फुगवून हसायची. मला हे पाठीमागचं हसणं जमत नाही. मी एकदा पत्ते वाटता वाटता सरळ सांगितलं.

"सिओक, हा गुलाबी आता सोड."

"का गं?"

"तोंड कावीळ झाल्यासारखं दिसतं."

तिनं पत्ते खाली ठेवले. "तुला गुलाबी कधी शोभला नाही म्हणून जळतेस तू. अजून?"

"जळायला काय, मी त्याच वयाची आहे. पण मी आरशात बघते."

"तुझ्या आरशात बघण्यासारखं काय आहे, बिबिक?" असं म्हणून ती हसली, आणि गेकही हसली. गेकचं काय, ती दोन्हीकडून हसते. मी उरलेले पत्ते वाटले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ गुलाबी असतो हे मला तेव्हा कळलं.

ती गुलाबीला का चिकटली होती हे मला ठाऊक होतं, गल्लीलाही ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात तिचा नवरा एंग होक तिला म्हणाला होता की गुलाबीत तू दिसलीस की मला दुसरं काही दिसत नाही. पुरुष असं पहिल्या महिन्यात म्हणतात. शहाण्या बायका ते ऐकतात, खूश होतात आणि दुसऱ्या महिन्यात विसरतात. ही विसरली नाही. एंग होकला मात्र पुढं बरंच काही दिसू लागलं. नदीच्या पुलापलीकडं एक बाई राहायची, खाणावळवाल्याची विधवा, दिसायला माझ्यापेक्षा बरी नव्हती, म्हणजे बघा. एंग होक रात्रीचं जेवण तिच्याकडं जेवायचा. सकाळी घरी यायचा, आईच्या पाया पडायचा, कपडे बदलायचा आणि कामावर जायचा. सिओक रोज संध्याकाळी तोंडाला तांदळाची पावडर लावून, गुलाबी घालून, अंबाड्यात पाच पिना खोचून ताट वाढून बसायची. तिला एकच हवं होतं, त्यानं एकदा मान वर करून तिच्याकडं बघावं. घरदार, दागिने, नोकरमाणसं, सगळं होतं तिला. तेवढंच नव्हतं.

तिची सासू, जिला सगळं घर माक म्हणायचं, ती या दुखण्यावर रोज मीठ चोळायची. माकची जीभ म्हणजे काय होती! दात एकही उरला नव्हता, पण चावायची. पाहुण्यांसमोर पानाचं तबक पुढं ओढत म्हणायची, "आमच्या सुनेला वाटतं, वय कापडाला घाबरतं." कधी म्हणायची, "मिरची वाळली की आपोआप लाल होते, तिला वरून रंग लावायला लागत नाही." पाहुणे हसायचे. सिओकही हसायची, कारण सासूच्या विनोदाला हसणं हे सुनेचं काम. मग आत जाऊन ती खलबत्त्यात इतक्या जोरात मिरचीचं सांबल कुटायची की आमच्या भिंतीला हादरे बसायचे.

अशी ही माक एके दिवशी सकाळी उठलीच नाही.

रडारड झाली ती रीतीप्रमाणं. एंग होक मात्र खरा रडला. बायकोकडं त्यानं पाठ फिरवली असेल, पण आईच्या बाबतीत तो अखेरपर्यंत पाच वर्षांचाच राहिला. शवपेटी उचलताना त्याला दोघांनी धरावं लागलं. सिओकही रडली, रुमालाआड. माझ्या बाजूला बसली होती, म्हणून मला दिसलं की रुमाल कोरडा होता. मी तिला दोष देत नाही. मीही माझ्या सासूला अशीच रडले होते.

सुनेनं सासूचा दुखवटा सगळ्यांत कडक पाळायचा. पहिलं वर्ष काळा. काळ्यात सिओक भाजलेल्या वांग्यासारखी दिसायची आणि तिला ते कळत होतं. ती बाहेर पडेनाशी झाली. पत्त्यांनाही येईना. "माकनं मरतानाही सूड घेतला," एवढंच म्हणायची. सोनं, हिरे सगळं पेटीत. अंगावर फक्त चांदी आणि मोती, कारण मोती म्हणजे आसवं.

वर्ष सरलं आणि काळ्याचा निळा झाला.

त्या दिवशी सकाळी मी दाराची चौकट पुसत होते. सिओक देवळात जायला बाहेर पडली आणि माझ्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. फिकट निळा केबाया, त्याला पांढरी लेस, खाली कमरेला गुंडाळलेली पेकालोंगानची निळी-पांढरी सारोंग, गळ्याशी तीन मोत्यांच्या पिना. काय झालं होतं कोणास ठाऊक. तोच चेहरा, तीच बाई, पण पिवळेपणा गेला होता. त्या निळ्यानं तोंडावर उजेड पाडला होता, मोत्यांनी मान उजळली होती, पांढरे झालेले केस आता वय वाटेनात, शोभा वाटू लागले. वीस वर्षं जे आरशानं सांगितलं नाही ते एका दुखवट्यानं करून दाखवलं. मला राग आला. अगदी मनापासून आला. बाईनं काही न शिकता, काही न सोडता, नुसती सासू मेली म्हणून सुंदर व्हावं?

मासळीवाल्यानं त्या दिवशी तिला समोरूनही "ताई" म्हटलं.

आठवड्याभरात एक गोष्ट घडली ती आम्हाला आधी खोटी वाटली. एंग होक संध्याकाळी घरी आला आणि गेलाच नाही. सिओक निळ्यात होती, माकच्या तसबिरीसमोर उदबत्त्या लावत होती. तो दारात उभा राहून तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हा निळा तुला शोभतो." आणि जेवायला बसला. दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी सिओक माझ्याकडं धावत आली. पायांतल्या मण्यांच्या सपाता उलट्यासुलट्या.

"बिबिक, त्यांनी बघितलं!"

"कोणी?"

"अगं कोणी काय! त्यांनी. माझ्याकडं. असं." आणि तिनं डोळे मोठे करून दाखवले. बावन्न वर्षांची बाई, आणि एका जागी उभी राहीना.

"बरं झालं," मी म्हणाले.

"माक जिवंतपणी माझ्या कधी उपयोगी पडली नाही. मेल्यावर पडली बघ."

तेव्हापासून एंग होक रात्रीचं घरी जेवू लागला. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस. जेवण झालं की खुर्ची ओढून बसायचा आणि निळ्यातली बायको घरभर वावरताना बघायचा. पुलापलीकडच्या बाईनं म्हणे दोनदा निरोप धाडला. सिओकनं घरात अगरबत्तीचा खर्च वाढवला, कारण तसबिरीसमोर उभी असताना मागच्या चौकातला उजेड तिच्या गालावर बरोबर पडतो हे तिनं हेरलं होतं. आसवं पुसण्यासाठी एक पांढरा रुमालही ठेवला होता. आसवं नव्हती, पण पांढरा रुमाल निळ्यावर खुलतो.

रीतीप्रमाणं निळ्यानंतर हिरवा यायचा, हलका दुखवटा, आणि मग मोकळीक. हिरव्याचा दिवस आला आणि गेला, सिओक निळ्यातच. विचारलं तर मान खाली घालून म्हणायची, "माकसाठी एवढंही करू नको? माझं मन अजून धजत नाही." गल्लीत वाहवा झाली. सासवा आपल्या सुनांना बोलावून दाखवू लागल्या, बघ, अशी असते सून. एका सासूनं तर मरण्याआधीच सुनेकडून निळ्याचं वचन घेतलं. मला एकटीला माहीत होतं की हे प्रेम कोणावर आहे. मी गप्प राहिले. सांगितलं असतं तर कोणाला पटलं असतं? माझं तोंड आधीच बदनाम.

पण एंग होकची थोरली बहीण होती. तिला सगळे ताची म्हणायचे. भावाच्या घरावर तिचीच सत्ता. तिनं स्वतः रीतीप्रमाणं दिवस पाळले, दिवस संपले तसं आईचा दुखवटा अंगावरून उतरवला आणि मोकळी झाली. भावजय अजून निळ्यात हे तिला खुपायला लागलं. मुलीपेक्षा सून मोठी झाली तर कोणाला रुचेल? एके दिवशी ती गठुडं घेऊनच आली. मी आणि गेक तिथंच होतो.

"सिओक, पुरे झालं. घरात जिवंत पुरुष आहे. दुखवटा लांबवला की दुसरं मरण दार ठोठावतं. आज उदबत्ती लाव, माकचा निरोप घे आणि हे घाल."

गठुड्यातून गुलाबी केबाया निघाला. झगझगीत, नवाकोरा.

"ताची, मला थोडे दिवस..."

"तुझ्या आवडीचाच आणलाय. माक गेली, आता कोण तुला बोलणार आहे?"

काय बोलणार ती? नाही म्हणाली तर नवऱ्याचं मरण इच्छिते असं झालं असतं. तिनं आत जाऊन निळा उतरवला. निळा उतरवायचा तो आनंदानं, हसऱ्या तोंडानं, नाहीतर मेलेल्याचा जीव घरात अडकतो. म्हणून ती हसत बाहेर आली. गुलाबीत, सोन्याच्या पिना लावून, केसांत फूल खोचून, हसत. मी तोंड फिरवलं. खरंच बघवत नव्हतं.

एंग होक संध्याकाळी आला. दारात थांबला. तिच्याकडं बघितलं, तसबिरीकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. टोपी डोक्यावरून काढलीही नव्हती, तसाच पुलाकडं निघून गेला. त्या रात्री आमच्या भिंतीला हादरे बसले नाहीत. कुटून राग काढणार तरी कोणावर?

त्यानंतर सिओकनं जे केलं ते बघून गेकचंही हसू थांबलं. गुलाबी तिनं कायमचा सोडला. पण तिला निळा हवा होता. दुखवट्याचा नुसता निळा-पांढरा घालता येईना, म्हणून तिनं चालण्यासारखे निळे शोधले. समुद्री निळा, त्यावर लाल फुलं. आकाशी, त्यावर पिवळी पाखरं. मोरपंखी. पेनांगहून मागवला, सिंगापूरहून मागवला. आणि मी खरं सांगते, शोभायचे. त्यातल्या एकात तर ती पहिल्या निळ्याहून बरी दिसायची. पण एंग होक सकाळी कपडे बदलायला यायचा, चहा घ्यायचा, आणि डोळे कपातच. ती त्याच्यासमोरून तीनदा ये-जा करायची. चौथ्यांदा तो म्हणायचा, "काही हरवलंय का?"

"छटा चुकली," ती मला म्हणायची. "भरतकाम करणारीनं लाल फार भरला. तो निळा वेगळाच होता, बिबिक. तो मिळत नाही."

"तो पेटीत आहे."

"पेटीतला कसा घालू? कोणी मेलं तर पाहिजे ना!"

मग ती मरणाच्या वाटेला लागली. म्हणजे दुसऱ्यांच्या. कुठं लांबचा चुलतसासरा गेला की ही पहिली हजर, नात्याची गणितं मांडत. पण लांबच्या नात्याला दोन-चार दिवसांचाच निळा मिळतो, तेवढ्यात एंग होक घरी फिरकायचाही नाही. मुआरला तिची स्वतःची आई होती, ऐंशी ओलांडलेली. तिच्याकडं ती दर महिन्याला सूप घेऊन जाऊ लागली. परत आली की मी विचारायची, "कशी आहे आई?" ती उसासा टाकून म्हणायची, "चांगली आहे." कितीतरी मुली असा उसासा टाकतात, पण इतका खरा मी ऐकला नव्हता. म्हातारी दोन वाट्या सूप प्यायची आणि तिसरी मागायची.

अशी काही वर्षं गेली. आणि मग एका सकाळी सायकलरिक्षातून एंग होक परत आला. आला म्हणजे आणला. पुलापलीकडं त्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. त्या बाईनं त्याला रिक्षात बसवला, मांडीवर त्याच्या कपड्यांचं गाठोडं ठेवलं आणि पाठवून दिला. निरोपही नाही. बिनकामाचा नवरा लग्नाच्या बायकोचा, एवढं कळायला निरोप कशाला लागतो?

सिओकनं त्याला खालच्या खोलीत ठेवला. ती त्याला भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची. ताची रोज येऊन चुका काढायची. ती मात्र कुरकुरली नाही. आता तो कुठं जाणार नव्हता. मान वर करायलाही तिचाच हात लागत होता.

एके दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली. बसली नाही. साठीला आलेली बाई, आणि चेहरा तो पहिल्या निळ्याच्या आठवड्यातला.

"बिबिक, त्यांनी मागितला."

"काय?"

"निळा. आज सकाळी शब्द जुळवून जुळवून म्हणाले, 'सिओक, तो निळा घाल ना. मला बघायचाय.' त्यांना आठवतोय. इतक्या वर्षांनी त्यांना आठवतोय गं!"

"वेडी झालीस? अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासमोर दुखवट्याचा निळा घालणार? उद्या त्याचं काही झालं तर ताची तुला नदीत ढकलेल. आणि गल्ली टाळ्या वाजवेल."

"ढकलू दे."

"तो मेला तर?"

"ते कोणालाच चुकत नाही. पण माझ्याकडं बघून मरतील ना." तिनं माझा हात धरला. "तू फक्त पुढच्या दालनात बस. ताची आली तर खोकून सांग. एवढंच कर. आयुष्यात तू माझ्याशी कधी गोड बोलली नाहीस, एवढंच कर."

गेले मी. काय करणार? पुढच्या दालनात बसले. त्या घरात दालन आणि खालची खोली यांच्यामध्ये कोरीव लाकडी जाळी आहे. तिकडचं सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. मी रस्त्याकडं तोंड करून बसायचं ठरवलं होतं. बसले जाळीकडं तोंड करून.

ती वरून उतरली. पेटीतला कापूर अजून कपड्यांना होता, मला इथवर वास आला. तोच निळा, तीच पांढरी लेस, तेच तीन मोती. केस आता सगळे पांढरे. मी हे कधी तोंडानं बोलले नसते, पण तेव्हा मनात म्हणाले, की या गल्लीत लग्न होऊन आलेली कुठलीच बाई, वीस वर्षांचीसुद्धा, अशी दिसली नव्हती. ती त्याच्या खाटेसमोर उजेडात उभी राहिली.

"अहो, बघा."

एंग होकनं मान वळवली. बराच वेळ बघितलं. डोळे भरून आले त्याचे.

"आलीस," तो म्हणाला. शब्द जड पडत होते, पण कळत होते. "मला वाटलं विसरलीस."

"विसरेन कशी? तुम्हाला आवडायचा. जपून ठेवला होता."

"माकला विसरलीस वाटलं."

ती थोडी हसली. तिला कळलं नाही. मला कळलं, आणि मला तिथून उठावंसं वाटलं.

"सगळे विसरले," तो म्हणाला. "ताचीनं रंगीत घातलं. जो तो आपापल्या कामाला लागला. तू एकटी निळ्यात राहिलीस. मी संध्याकाळी यायचो, तू तसबिरीसमोर उभी असायचीस, हातात रुमाल. मला वाटायचं, चला, माझ्या आईला रडणारं कोणीतरी आहे या जगात. म्हणून यायचो. तिकडं तिला म्हणालो होतो, एक दिवस निळा घाल. ती म्हणाली, तुझी आई माझी कोण?" तो दम घ्यायला थांबला. "मग एक दिवस आलो तर तू गुलाबीत. हसत होतीस. केसांत फूल. मी म्हटलं, संपलं. हीसुद्धा."

"तुम्ही म्हणाला होतात," सिओकचा आवाज अगदी बारीक झाला होता, "निळा तुला शोभतो."

"शोभणारच. दुखवटा सुनेला शोभतो."

"पण तुम्ही माझ्याकडं बघत बसायचात. जेवण झाल्यावर. खुर्ची ओढून."

"तुझ्याकडं?" त्यानं खरोखर आठवून बघितलं. आजारी माणसाला खोटं बोलायचं त्राण नसतं. "तुझ्याकडं काय बघायचं, सिओक? या वयात?"

ती तशीच उभी राहिली. उजेड तिच्या गालावर तसाच पडलेला होता.

"रड ना," तो म्हणाला. डावा हात त्यानं चादरीवरून थोडा पुढं सरकवला. "माकसाठी. मी आता नीट रडू शकत नाही, तोंड ऐकत नाही. तू रड. तुला येतं."

आणि सिओक रडली. खाटेच्या कडेवर बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, हमसून हमसून. आवाज रस्त्यावर जाईल इतकी. मी तिला इतकी वर्षं ओळखते, अशी रडताना कधी पाहिली नाही. एंग होक उशीवर डोकं टेकून ऐकत होता. त्याचं वाकडं तोंड समाधानानं सैल झालं. मला त्याच्या तोंडावर उशी दाबावीशी वाटली.

या गडबडीत मी खोकायची विसरले. ताची दारातून आत आली, रडणं ऐकून धावली, आणि निळा बघताच हात उगारून किंचाळली.

"जिवंत नवऱ्यासमोर? हडळ! माझ्या भावाला गिळायला बसलीस?"

"गप्प बस, ताची," एंग होक म्हणाला. "माकसाठी रडतेय ती."

ताचीचा हात वरच राहिला. तिनं सिओककडं बघितलं. आसवं खरी होती, नाक लाल झालेलं, मोती ओले. आंधळ्यालाही खोटं वाटलं नसतं. ताचीचा चेहरा हळूहळू विरघळला. "माझ्या आईसाठी?" ती म्हणाली. "अजून?" आणि तिनं सिओकला छातीशी धरलं, आणि दोघी रडू लागल्या. एक आईसाठी.

दुसऱ्या दिवशी ताचीनं देवळात जाऊन विचारून घेतलं. भावाच्या समाधानासाठी, घराच्या आत, सासूच्या नावानं निळा चालेल, असं उत्तर आलं. तिनं स्वतः कापड आणलं, सात केबाये शिवून घेतले, सगळे तोच फिकट निळा, सगळ्यांना पांढरी लेस. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

एंग होक मेला नाही. निळ्यानं त्याला काही झालं नाही, उलट भूक वाढली. तो आणखी चार वर्षं जगला. ती चार वर्षं सिओक त्या घरात सगळ्यांत शोभणाऱ्या रंगात राहिली, आणि गल्लीतल्या सासवा सुनांना तिच्या पाया पडायला पाठवत राहिल्या. मी त्या दिवसांत माझ्या ओसरीवर दुपारी एकटीच पत्ते लावायची. दुपारचा चहा झाला की पलीकडून त्याचा जड आवाज यायचा, "सिओक, ये. रडायला बस." आणि खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.